पोसोलेचा मका फुलत नाही? मसाला राहू दे, आधी पाकीट बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात परत लिहितो म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही डॅलसजवळ राहता, ऑफिसातल्या मेक्सिकन मैत्रिणीकडे ख्रिसमसला पोसोले, म्हणजे फुललेल्या मक्याचा आणि मांसाचा मेक्सिकन रस्सा, खाल्लं आणि ते डोक्यात बसलं. मागच्या वर्षी घरी सुका मका आणून केलं, रात्रभर भिजवून सहा तास उकळलं, तरी दाणे रबरासारखे आणि रस्सा कडवट. यंदा २४ डिसेंबरला २० माणसं, त्यातली ६ शाकाहारी, आणि विचारताय की मिरच्या कुठल्या घेऊ, मसाल्याचं प्रमाण काय, का सरळ डब्यातली हॉमिनी, म्हणजे चुन्याने साल काढलेला मका, आणू.

मी मूळचा कोल्हापूरचा, अल्बुकर्कीला एका केटरिंगच्या किचनमध्ये १४ वर्षं झाली, आणि डिसेंबरात आमच्याकडे आठवड्याला तीन-चार मोठी पातेली पोसोले उतरतं. त्यावरून सांगतो, तुमचा प्रॉब्लेम मसाल्याचा नाहीच. आपल्या लोकांचं लक्ष पहिलं मिरचीकडे जातं, माझंही गेलं होतं, तांबडा रस्सा पांढरा रस्सा करत वाढलेला माणूस, लाल पोसोले बघितलं की वाटतं हे तर आपलंच, त्यात मका टाकलाय एवढंच. पण हा पदार्थ मक्याचा आहे. नावसुद्धा नाहुआत्ल भाषेतल्या पोसोल्ली या शब्दावरून आलंय, उकळणं-फेसाळणं अशा अर्थाचा तो शब्द. मांस, मिरची, कोबी, मुळा ही सगळी पाहुणेमंडळी, मका फुलला नाही तर बाकी कितीही चांगलं करा, उपयोग नाही.

आता मका का फुलला नाही. तुम्ही पाकिटावर काय लिहिलं होतं ते दिलं नाहीये, पण सहा तासांनी रबर म्हणजे माझ्या मते ९० टक्के तुम्ही चुन्याचं पाणी न लागलेला, सालीसकट सुका मका आणला होता. दुकानात एकाच फळीवर दोन्ही असतात, दोन्हीवर 'पोसोलेसाठी मका' अशा अर्थाचं काहीतरी लिहिलेलं असतं, आणि दोन्ही पांढरे. फरक असा बघायचा: एक दाणा ओला करून नखाने खरवडा. कच्चा असेल तर वर चकचकीत साल असते, नख घसरतं, आणि कणसाला चिकटलेलं खालचं टोक तपकिरी, कागदासारखं कडक असतं. चुना लागून साल निघालेला दाणा खडूसारखा मंद दिसतो, चमक नसते, आणि बऱ्याचदा ते टोकही गेलेलं असतं. पाकीट बंद असेल तर उजेडात धरा, चकाकी दिसतेच.

ही साल पाण्याने विरघळत नाही, नुसतं उकळत बसलात तर उद्या सकाळपर्यंत उकळा. तिला अल्कली लागते. मेक्सिकोत हजारो वर्षं हे राख किंवा चुना घालून करतात, त्याला निश्तमाल म्हणतात, आणि त्यांचा 'काल' म्हणजे आपला खायचा चुनाच, पानाला लावतात, तंबाखूत मळतात तोच, कॅल्शियम हायड्रॉक्साइड. गंमत बघा, पेठ्यासाठी कोहळा आपण चुन्याच्या निवळीत टाकतो तो फोडी कडक राहाव्यात म्हणून, आणि इथे तोच चुना मक्याची साल सैल करतो. शिवाय चुन्याने मक्यातलं नायसिन, म्हणजे एक ब-जीवनसत्त्व, अंगाला लागायला लागतं. युरोपात मका गेला पण ही पद्धत गेली नाही, मग उत्तर इटलीत आणि पुढे अमेरिकेच्या दक्षिणेत मक्यावरच जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा, म्हणजे नायसिन कमी पडल्याचा रोग, झाला. असो.

तर पर्याय तुमच्या वेळेवर अवलंबून आहेत.

दोन दिवस हाताशी असतील तर कच्चा मका आणि चुना, चव सगळ्यात चांगली. फक्त मका काकावासिंतले जातीचा बघून घ्या, मोठा, पांढरा, पिठूळ दाणा. कठीण दाण्याचा मका, आपल्याकडे लाह्यांना किंवा कोंबड्यांना वापरतात तसला, त्याची साल निघेल पण तो असा फुलणार नाही, भारतातून कोणी हे वाचत असेल तर तेवढं लक्षात ठेवा. एक दिवस असेल तर चुना लावून सुकवलेली हॉमिनी, ती रात्रभर भिजवायची आणि शिजवायची. अर्धा दिवस असेल तर फ्रिजमध्ये किंवा फ्रीझरमध्ये ओला, साल काढलेला मका पिशवीत मिळतो, आमच्याकडे न्यू मेक्सिकोत डिसेंबरात त्याचे ढीग लागलेले असतात, टेक्ससमध्ये मेक्सिकन किराणावाल्याकडे मांसाच्या काउंटरजवळ विचारा. खरं सांगायचं तर मी तुमच्या जागी असतो तर हाच आणला असता. आणि डबा. डब्याला नाकं मुरडणारे खूप आहेत, मी नाही मुरडत, २० लोकांना ११० औंसवाले दोन डबे पुरतात, पण पाणी ओतून दोन-तीनदा नीट धुवा, डब्याचा वास जायला पाहिजे, आणि रश्श्यात किमान पाऊण तास मंद उकळवा. दाणा फुलासारखा उघडणार नाही, एवढं मान्य करून वापरा.

कच्चा मका घेतलात तर माझी पद्धत. २० माणसांना दीड किलो सुका मका. एका किलोला दोन टेबलस्पून चुना, म्हणजे १८ ग्रॅमच्या आसपास, आणि तीन लिटर पाणी, त्या हिशेबाने तुम्हाला तीन टेबलस्पून आणि साडेचार लिटर. स्टीलचं भांडं घ्या, अॅल्युमिनियम अजिबात नको, चुन्याने ते काळं पडतं आणि पाण्यात उतरतं. चुना 'काल' नावाने किंवा लोणच्याचा चुना म्हणून मिळतो, रंगाचा किंवा बांधकामाचा आणू नका, आणि कळीचा चुना तर नकोच, पाणी लागलं की तो भडकतो. हातमोजे घाला, डोळ्यात उडू देऊ नका. चुना पाण्यात ढवळून मका टाकायचा, उकळी आणून अर्धा तास मंद ठेवायचा, पिवळाधमक होईल, घाबरू नका, तो चुन्याचाच रंग. गॅस बंद करून झाकून रात्रभर तसाच. सकाळी चाळणीत ओतून वाहत्या पाण्याखाली दोन्ही तळहातांत चोळत राहायचं, वाल सोलताना जसा चिकटपणा हाताला लागतो तशी साल जिलेटिनसारखी सुटून येते. चार-पाच पाण्यांनी धुवा, पाणी स्वच्छ आणि बोटांना बुळबुळीत न लागेपर्यंत. तुमचा रस्सा कडवट झाला त्यात मागच्या वेळी चुन्याचा संबंध नव्हता, पण यंदा धुण्यात आळस केलात तर होईल.

आता टोकं. याला तिकडे डोकं काढणं म्हणतात. मी कामाला लागलो त्या पहिल्या डिसेंबरात मला हे कोणी सांगितलं नव्हतं, म्हणजे सांगितलं असेल, पण माझं स्पॅनिश तेव्हा 'ओला' आणि 'ग्रासियास' एवढंच. ६० माणसांचं पोसोले, मी मका धुतला आणि वेळ वाचवायला मीठ, लिंबाचा रस, मिरचीचं वाटण सगळं पहिल्याच उकळीला टाकून मोकळा झालो. चार तासांनी दाणे होते तसेच, टणक. आमची मुख्य आचारी, हालिस्कोची बाई, ओरडली वगैरे काही नाही. तिने पळीने एक दाणा काढला, बशीत ठेवून फुंकर मारली, अंगठ्याच्या नखाने त्याचं खालचं टोक खुडलं आणि मला दाखवलं, आत पांढरं पीठ पार कोरडं. मग स्वतःच्या पातेल्यातला एक दाणा शेजारी ठेवला, तो उघडून त्याच्या तीन-चार पाकळ्या झाल्या होत्या, मोगऱ्यासारख्या. बस, एवढंच. ते टोक म्हणजे बूच असतं हो, ते काढलं की तिथून पाणी आत शिरतं, आतलं पीठ फुगतं आणि दाणा तिथूनच उलगडतो. दीड किलोची टोकं एकट्याने काढायला दोन तास जातात, घरातल्या सगळ्यांना टीव्हीसमोर बसवा, मटार सोलायला बसवतो तसं. नाही जमलं तर निम्म्या दाण्यांची काढा, निम्मी तरी फुलं दिसतील, चवीला फरक नाही.

त्या दिवशीची दुसरी चूक तुम्ही ओळखलीच असेल. आपल्याकडे आजी सांगायची ना, डाळ शिजल्याशिवाय चिंच-आमसूल घालू नको, टणक राहते. मक्याचं तेच. लिंबू, टोमॅटिलो (हिरव्या टोमॅटोसारखं दिसणारं आंबट फळ), टोमॅटो, आंबट काहीही मका फुलल्यावरच. मिठाबद्दल दोन मतं आहेत, काहीजण म्हणतात मिठाने काही होत नाही, मी ज्यांच्या हाताखाली शिकलो त्या सगळ्या बायका फुलल्यावरच घालतात, मीही तेच करतो, उशिरा घालून बिघडत तर काही नाही. पण घातल्यावर अर्धा तास उकळा आणि परत चाखा, कारण मका मीठ पितो आणि रस्सा पुन्हा अळणी लागतो.

मका शिजवायचा साध्या पाण्यात, दाण्यांच्या वर चार बोटं, आख्खा लसणाचा गड्डा आडवा कापून आणि एक कांदा, बस. फोडणी नाही, हळद नाही, जिरं नाही, हात शिवशिवतात मला माहितीये. दोन ते चार तास लागतात, का एवढा फरक, तर मका किती जुना आहे यावर आहे, आणि तुम्ही किती उंचीवर आहात यावर. अल्बुकर्की १६०० मीटरवर, सांता फे २१०० च्या वर, इथे पाणी ९३-९५ डिग्रीलाच उकळतं, त्यामुळे आमच्याकडची वेळ बघून डॅलसमध्ये शिजवलंत तर लगदा होईल. तुमच्याकडे दोन तासांनी बघायला लागा. कुकरमध्ये होतं, छान होतं, चुना लावून धुतलेला मका प्रेशरखाली ४० मिनिटं, मग प्रेशर आपोआप उतरू द्या, पण दीड किलो एका कुकरात मावणार नाही, अर्ध्याच्या वर भरू नका, फेस येतो आणि शिटी चोंदते. दोन-तीन घाण्यांत करा.

शाकाहाऱ्यांचं गणित इथेच सुटतं. मका मांसात शिजवायचाच नाही, वेगळा शिजवायचा, फुलला की एक तृतीयांश त्याच्या पाण्यासकट दुसऱ्या पातेल्यात काढून ठेवायचा. सहाच जण आहेत तरी एक तृतीयांश काढा, कारण हिरवं पातेलं दिसलं की मांस खाणारेपण त्यातलं घेतात, दर वर्षी होतं. त्याला हिरवं पोसोले करा, हे गेरेरो राज्याचं, तिकडे गुरुवारी पोसोले खायची पद्धत आहे. दीडशे ग्रॅम भोपळ्याच्या सोललेल्या बिया कोरड्या तव्यावर तडतडेपर्यंत भाजायच्या, ७०० ग्रॅम टोमॅटिलो उकडून, तीन भाजून सोललेल्या पोब्लानो (मोठ्या, कमी तिखट मिरच्या), दोन-तीन हालापेन्यो मिरच्या, मूठभर कोथिंबीर, मुळ्याचा पाला चार पानं, सगळं बारीक वाटून तेलात परतायचं, बाजूने तेल सुटेपर्यंत, हे तर तुम्हाला शिकवायला नको. मग मक्यात ओतायचं आणि वेगळे खरपूस परतलेले मशरूम शेवटी टाकायचे. बियांनी रस्सा दाट होतो, दाण्याच्या कुटासारखं काम करतात त्या. वाटण ओतल्यावर खदखदून उकळू नका, फुटल्यासारखं दिसतं.

लाल पातेल्याला हाडासकट डुकराचा खांदा तीन किलो आणि दोन पाय. पाय वगळू नका, पाहुण्यांना दाखवायचे नसतील तर शेवटी काढून टाका, पण रश्श्याला ओठ चिकटण्याइतका जो दाटपणा येतो तो त्यांचाच. डुक्कर चालत नसेल तर हाडासकट कोंबडी घ्या, तेही तिकडे सर्रास करतात, काही अपमान वगैरे होत नाही. मांस वेगळ्या भांड्यात कांदा, लसूण, तमालपत्र घालून अडीच-तीन तास, फेस काढत, बोटाने तुटेपर्यंत. मग हाडं काढून मोठे तुकडे ठेवा, अगदी दोरे दोरे करू नका.

मिरच्या, म्हणजे तुमचा मूळ प्रश्न, आणि कडवटपणाचं खरं कारण. ग्वाहियो १५-१६ आणि आन्चो ६-७. ग्वाहियो आपल्या ब्याडगीच्या वळणाची, रंग जास्त तिखट कमी, आन्चो म्हणजे सुकवलेली पोब्लानो, काळपट, वासाला मनुक्यासारखी. देठ आणि बिया काढून मध्यम तापलेल्या तव्यावर एकेक बाजू पाच-सात सेकंद दाबायची, वास सुटला की खाली. तुम्ही बहुतेक कोल्हापुरी मसाल्याला भाजतो तशा काळसर भाजल्या असणार, त्या मसाल्यात खोबरं-तीळ असतात म्हणून तिथे खपतं, इथे मिरचीला लपायला जागाच नाही, एक जरी करपली तरी पूर्ण पातेलं कडू. डाग पडला तर फेकून द्या. गरम पाण्यात २० मिनिटं भिजवून ते पाणी चाखा, कडू असेल तर ओता, आणि रश्श्याच्या पाण्यात लसणाबरोबर वाटा. वाटण चाळणीतून गाळायचंच, ती साल दातात येते. मग चमचाभर चरबीत किंवा तेलात दहा मिनिटं परतून मांस, मांसाचा रस्सा आणि फुललेला मका असं सगळं एकत्र, वर मीठ, आणि तासभर मंद. इथे न्यू मेक्सिकोत आन्चो न वापरता स्थानिक लाल मिरचीचाच रस्सा करतात, बऱ्याचदा पोसोले पांढरं ठेवून मिरची वरून वाढतात. हॉटेलात लाल का हिरवी विचारलं आणि दोन्ही हवी असेल तर 'ख्रिसमस' म्हणायचं, माझ्या आईला ते इतकं आवडलं की ती जुलैतसुद्धा म्हणत होती.

वेळापत्रक म्हणाल तर २२ तारखेला रात्री चुना, २३ ला सकाळी धुणं आणि टोकं, दुपारी मका एका शेगडीवर, मांस दुसऱ्या, संध्याकाळी दोन्ही वाटणं. २३ च्या रात्री मोठं पातेलं तसंच ओट्यावर झाकून ठेवू नका, आतून तासन्‌तास कोमट राहतं आणि मका आंबतो, माझ्या डोळ्यांदेखत एका लग्नाचं गेलंय असं. उथळ भांड्यांत वाटून गार करा, मग फ्रिजमध्ये. २४ ला मका आणि मांस आधी खळखळून गरम करा, मग वाटणं घालून एकत्र करा. आणि लिटर-दोन लिटर साधा गरम रस्सा बाजूला ठेवाच, दोन्ही पातेल्यांसाठी वेगवेगळा, कारण मका पाणी पीत राहतो आणि शेवटच्या पाहुण्यापर्यंत त्याची खिचडी झालेली असते.

वाढायचं मिसळीसारखं. बाउलमध्ये रस्सा-मका-मांस, आणि टेबलावर बारीक चिरलेला कोबी, मुळ्याच्या चकत्या, कांदा, लिंबू, तिखट पूड, आव्होकाडो, तोस्तादा (मक्याच्या कुरकुरीत चपट्या पोळ्या), ज्याचं त्याने घालायचं. कोबी धाग्यासारखा बारीक हवा, जाड चिरलात तर सॅलड वाटतं. ओरेगानो मेक्सिकनच आणा, पिझ्झावाला वेगळ्या झाडाचा, आणि तो तळहातावर चुरडून घालायला सांगा, कसुरी मेथी चुरडतो तसा. तोस्तादाच्या पाकिटावर चरबी आहे का ते शाकाहाऱ्यांसाठी वाचून घ्या.

पाकिटाचा फोटो असेल तर टाका, चुना लागलेला आहे का कच्चा ते बघून सांगतो. १५ तारखेच्या आत टाका पण, नंतर मी पातेल्याच्या तोंडाशी असतो, फोन हातात धरवत नाही.